गॅलेक्सींमधले बार मोजायला बसताय? आधी एवढं बघा

किती सर्पिल गॅलेक्सींत बार, म्हणजे मधोमध ताऱ्यांचा लांबट पट्टा, असतो हे मोजायचं, छान विषय घेतलाय, फक्त पहिल्याच दिवशी टक्केवारीच्या मागे लागू नका. कुठे एक तृतीयांश वाचाल, कुठे दोन तृतीयांश, आणि दोन्ही बरोबर असू शकतं, कारण साध्या प्रकाशात ठळक बारच मोजले तर आकडा कमी येतो, इन्फ्रारेडमध्ये धुळीआड लपलेले आणि फिकट बारही दिसतात म्हणून तो वाढतो. एनजीसी २५३ ही गॅलेक्सी बघा, साध्या फोटोत नुसती धूळ, इन्फ्रारेडमध्ये बार सरळ समोर येतो.

सुरुवातीला एवढं पाळा:
- कडेवरून दिसणाऱ्या गॅलेक्सी बाजूला काढा. साधारण ६० अंशांपेक्षा जास्त कललेल्या नकोच, तिरकी डिस्क स्वतःच बारसारखी लांबट दिसते आणि नवीन माणूस हमखास तिथेच फसतो.
- एसए (बार नाही), एसएबी (फिकट बार, मधला वर्ग), एसबी (ठळक बार) हे तीन वर्ग डोळ्यात बसवा. एनजीसी १३०० मधला बार कुणालाही दिसेल, खरी कसोटी एम८३ सारख्या मधल्या वर्गात लागते.
- शंका आली की 'शंका' असंच लिहा, ओढूनताणून हो-नाही नको.

एलिप्स फिटिंग, फुरिए वगैरे बार मोजायच्या गणिती पद्धती सध्या राहू द्या. आधी भरपूर फोटो नुसते डोळ्यांनी बघा, कंटाळा येईल, येऊ दे.