आडनाव, पत्ता आणि मुलाखत

प्रश्न : नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं ४० जणांचं युनिट आहे. जातपात आम्ही कधी पाहिली नाही. तरी ऑफिसातले जवळपास सगळे धरमपेठ-प्रतापनगरकडचे, दलितबहुल इंदोऱ्यातलं किंवा मुस्लिमबहुल मोमीनपुऱ्यातलं कुणीच नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुतेकदा जाहिरातीच्या आधीच. "तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" असं स्टाफला विचारून जागा भरली, की आहेत त्यांच्यासारखेच येतात. त्यात कुणाचा द्वेष नसतो, म्हणून ते खटकतही नाही. ओळखीतले अर्ज घ्या, पण आयटीआय आणि पॉलिटेक्निकलाही त्याच दिवशी कळवा.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक आडनावाचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. नागपुरात तर पत्ताही आडनावाचंच काम करतो. म्हणून निवडीत नसलेल्या माणसाकडून नाव, फोटो, पत्ता, वैवाहिक स्थिती झाकून घ्या आणि अर्जावर फक्त क्रमांक टाका. शाळेचं नाव झाकायचं हमखास राहतं, आणि तेवढ्यावरून वस्ती कळते.

मुलाखतीत मात्र माणूसच समोर असतो, त्यामुळे जास्त मेहनत तिथे घ्या. कामाचे ५ प्रश्न आधी लिहून ठेवा. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. कोणत्या उत्तराला किती गुण, तेही आधीच ठरवा. स्टोअरच्या जागेसाठी विचारा : चलनावर १०० नग आहेत, मोजले तर ९६ भरले, काय कराल? नुसतं "पार्टीला फोन करीन" म्हटलं तर ५ पैकी २. गाडी सोडण्याआधी चलनावर तूट लिहून ड्रायव्हरची सही घेईन आणि परचेसला कळवीन म्हटलं, तर पूर्ण ५. गुण प्रत्येकाने चर्चेआधी आपापल्या कागदावर लिहायचे. साहेब आधी "पोरगा स्मार्ट वाटला" म्हणाले, की बाकीच्यांचे आकडेही तिकडेच सरकतात. "मूळ गाव कोणतं?", "लग्नाचं काय?" हे प्रश्न बंदच करा.

प्रश्न : मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत भाडेकरूला आधी आडनाव विचारतात. सचिव म्हणून मी काय करावं?

उत्तर : ओळखपत्र, भाडेकरार आणि पोलीस पडताळणी, यापलीकडे काही विचारायचं नाही, असा ठराव सभेत करून घ्या. प्रत ब्रोकरला आणि वॉचमनलाही द्या, कारण नकार बरेचदा गेटवरच मिळतो आणि कमिटीला त्याचा पत्ताही नसतो. कमिटीने कुणाला नकार दिलाच, तर कारण इतिवृत्तात लिहायला लावा.