डेबियनमध्ये सगळं जुनं, आर्चमध्ये रोज नवं. पॅकेजेस नेमकी किती वेळा अपडेट व्हायला हवीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेबियन या लिनक्स प्रकाराची 'स्टेबल' (पक्की, संथ) आवृत्ती टाकली तर बहुतेक पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) वर्ष-दोन वर्षं जुनी दिसतात, आर्च हा दुसरा लिनक्स प्रकार टाकला तर रोज अपडेट येतात, मग मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी पॅकेजेस किती वेळा अपडेट करावीत? मी कामाच्या सर्व्हरवर डेबियन आणि स्वतःच्या लॅपटॉपवर एक रोलिंग डिस्ट्रो (सतत अपडेट होत राहणारा लिनक्सचा प्रकार) चालवतो, त्यामुळे दोन्हीकडचे फटके खाऊन झालेत.

घोळ होतो तो 'अपडेट' या शब्दामुळे. सुरक्षेतलं भोक बुजवणं आणि नवी आवृत्ती आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. भोक बुजवायला वेळापत्रक नसतंच. ते जाहीर झालं की दुरुस्ती शक्यतो त्याच दिवशी यायला हवी. नवी आवृत्ती खुशाल सहा महिने थांबू दे.

डेबियन नेमकं हेच करतं. डेबियन १२ वर ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या लायब्ररीचं पॅकेज एके काळी '३.०.११-१~डेब१२यू२' असं दिसायचं. सुरुवातीचा ३.०.११ हा मूळ प्रकल्पाचा आकडा. शेपटीचा 'यू२' डेबियनचा: आवृत्ती तीच ठेवून तिच्यात केलेली डागडुजी. म्हणजे नव्या आवृत्तीतली फक्त दुरुस्ती उचलायची आणि जुन्यात बसवायची, याला बॅकपोर्ट करणं म्हणतात. त्यामुळे आकडा जुना दिसला म्हणून भोक उघडं आहे असं धरून चालू नका. एकदा आमच्याकडे सुरक्षा तपासणीचा अहवाल आला, पानंच्या पानं लाल. स्कॅनरने नुसते आकडे वाचले होते. मग 'एपीटी चेंजलॉग' (पॅकेजमधल्या बदलांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून एकेका सीव्हीई क्रमांकापुढे (जाहीर भोकाचा नोंदणी क्रमांक) 'हे कधीच बुजवलंय' असं लिहिण्यात माझा अख्खा दिवस गेला.

नवं म्हणजे सुरक्षित, हेही नेहमी खरं नसतं. हार्टब्लीड नावाचं भोक २०१२ साली ओपनएसएसएल १.०.१ मध्ये शिरलं आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झालं. जे तोवर ०.९.८ वरच बसून होते, त्यांना त्याची झळ लागली नाही.

एक्सझेड या फायली आक्रसणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण तर अगदी अलीकडचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि पाठोपाठच्या ५.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित प्रवेश) लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त वेळ घेतंय असं जाणवलं, त्यांनी खणून काढलं आणि २९ मार्चला जाहीर केलं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखा, टंबलवीड ही रोलिंग डिस्ट्रो अशा पुढे धावणाऱ्यांकडे पोचली होती. डेबियन स्टेबलपर्यंत मात्र अजून पोचायची होती. संथपणाचा विजय वाटतो ना? पण फ्रॉइंड स्वतः अनस्टेबल वापरत होते, म्हणून तर ते सापडलं. सगळेच दोन वर्षं थांबले असते, तर तो चोरदरवाजा दोन वर्षांनी सगळ्यांच्या घरात एकदम उघडला असता. म्हणून वेगवान आणि संथ डिस्ट्रो एकमेकांच्या स्पर्धक आहेत असं मला वाटत नाही. वेगवान डिस्ट्रो संथ डिस्ट्रोंसाठी चाळणी होतात.

बॅकपोर्टची किंमतही असते. प्रत्येक दुरुस्ती जुन्या कोडमध्ये हाताने बसवावी लागते, आणि बसवणारा माणूस त्या कोडचा मूळ लेखक नसतो. डेबियनने २००६ मध्ये ओपनएसएसएलमध्ये स्वतःचा एक बदल केला (तो बॅकपोर्ट नव्हता, पण धोका तोच) आणि यादृच्छिक आकडे बनवणारा भागच लुळा पडला. सांकेतिक किल्ल्या सहज ओळखता येतील इतक्या मोजक्या झाल्या, आणि हे मे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. ब्राउझरच्या बाबतीत तर बॅकपोर्टचा नाद डेबियननेही सोडलाय. स्टेबलमध्येही फायरफॉक्सची दीर्घ-आधाराची आवृत्तीच वेळोवेळी नवी येते.

म्हणून माझं मत विचाराल तर: कर्नल (सिस्टिमचा गाभा), सी लायब्ररी (बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात), डेटाबेस असा पाया सहा महिने ते दोन वर्षांनी हलवावा. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं, उबुंटूची एलटीएस (दीर्घ-आधाराची आवृत्ती) दोन वर्षांनी येते. दोन्ही लय मला पटतात. ब्राउझर आणि इंटरनेटला थेट तोंड देणारं बाकीचं सॉफ्टवेअर यांना या वेळापत्रकात अडकवूच नये. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत सिस्टिमने तर निवड वापरणाऱ्यावरच सोडलीय: पॅकेजेस तिमाही शाखेतून घ्या, नाहीतर ताज्या शाखेतून.

रोलिंग घेणार असाल तर मात्र नेमाने घ्या. मी लॅपटॉप चार महिने कपाटात ठेवला आणि मग एकदम अपडेट मारलं. पॅकेजवरच्या डिजिटल सह्या तपासणाऱ्या किल्ल्याच जुन्या झालेल्या, त्यामुळे एकही पॅकेज उतरेना. आधी किल्ल्यांचं पॅकेज तेवढं नवं केलं, लगेच बाकी सगळं, तेव्हा गाडी हलली. आणि घाईत एकच पॅकेज नवं करून बाकीची जुनी ठेवू नका. नवा प्रोग्रॅम नवी लायब्ररी मागतो आणि सुरूच होत नाही.

शेवटचं, कारण यात मीही फसलोय. सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट आपोआप बसत होते, म्हणून मी निवांत होतो. एक दिवस पाहिलं तर वेब सर्व्हर तीन महिन्यांपूर्वीचीच लायब्ररी धरून बसलेला. डिस्कवर नवी होती, पण चालू प्रोसेसने मेमरीत घेतलेली जुनी प्रत सोडली नव्हती. रीस्टार्ट केल्याशिवाय ती सोडतही नाही. तेव्हापासून 'नीडरीस्टार्ट' हे पॅकेज मी प्रत्येक सर्व्हरवर टाकतो. कोणती सेवा अजून जुन्यावर चालतेय त्याची यादी ते देतं.