दुपदरी बिंदू की दुहेरी बिंदू?

शिवाजी विद्यापीठात गणितात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : प्रक्षेपी प्रतलात (म्हणजे अनंतावरचे बिंदूही धरलेल्या प्रतलात) एखाद्या बिंदूतून वक्र दोनदा, तीनदा जातो, त्या मल्टिप्लिसिटीला मराठीत काय म्हणावं? आणि फॅट पॉइंटला, म्हणजे वक्राने ज्यातून असं अनेकदा जावं अशी अट घातलेली असते त्या बिंदूला? ‘बहुलता’ आणि ‘दुपदरी बिंदू’ हे तिचेच पर्याय.

‘बहुलता’ नको. त्यात विपुलता आहे, मोजमाप नाही. शिवाय शाळेतल्या संख्याशास्त्रातला ‘बहुलक’ मध्ये येतो. मला साधी ‘पट’ आवडते. “या बिंदूची पट किती?” “तीन.” दुप्पट, तिप्पट तर रोज तोंडात असतात.

‘दुपदरी’चा मात्र मलाही मोह पडला. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दुपदरी, तिपदरी माळ मागतात तसे, स्वतःलाच छेदणाऱ्या वक्राचे दोन पदर छेदबिंदूत भेटतात. चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं. पण य² = क्ष³ हा वक्र काढून बघा. आरंभबिंदूपाशी टोक येतं, पदर एकच, तरी पट दोन! म्हणून ‘दुहेरी’. सुईत दुहेरी दोरा ओवतो तेव्हा दोरा एकच असतो, दोनदा मोजलेला.

याचा खरा कस पुढच्या उदाहरणात लागतो. बिंदू दुहेरी हवा म्हटलं की वक्रावर तीन अटी येतात : त्यातून जाणं ही एक, आणि तिथे दोन्ही दिशांचे डेरिव्हेटिव्ह शून्य असणं या दोन. तिहेरीला सहा, चौपटीला दहा, अशा त्रिकोणी संख्या. आता दुसऱ्या घाताच्या वक्राच्या समीकरणात सहगुणक सहा. दोन दुहेरी बिंदू दिले तर अटीही सहा, म्हणजे एकही वक्र उरू नये. पण उरतो! दोन्ही बिंदूंना जोडणारी रेषा दोनदा घ्यायची. ही ‘दुहेरी रेषा’ झाली. तिला दुपदरी म्हटलं तर वाचणारा शेजारी शेजारी दोन रेषा शोधत बसेल, पुणे-बंगळूर महामार्गाच्या पदरांसारख्या.

फॅट पॉइंटला ‘जाड बिंदू’ म्हणायला कचरू नये. बिंदूला लांबी-रुंदी नसते हे पाठ असल्यामुळे कानाला खटकतं, पण खटकणं इथे योग्यच आहे. हा बिंदू आपल्याभोवतीचं अतिसूक्ष्म क्षेत्रही बरोबर घेऊन येतो, म्हणून तर एकाऐवजी तीन, सहा अटी. ‘स्थूल’ म्हटलं तर ढोबळ असा अर्थ डोकावतो.

या शब्दांत जपानी गणिती मासायोशी नागातांचं १९५९ चं अनुमान (कंजेक्चर, खरं वाटणारं पण पूर्ण सिद्ध न झालेलं विधान) सांगून पाहिलं : नऊपेक्षा जास्त बिंदू कुठलीही खास रचना न ठेवता घेतले आणि प्रत्येकाची पट निदान म हवी असेल, तर तशा वक्राचा घात, म गुणिले बिंदूंच्या संख्येचं वर्गमूळ, याहून मोठाच असतो. १६, २५ अशा वर्गसंख्यांसाठी त्यांनीच ते सिद्ध केलं. दहा बिंदूंसाठी ते अजून सिद्ध व्हायचंय.