+५ की +३: दूरदृष्टितेच्या गणितातले फसवे चिन्ह

तुमच्या भाचीच्या दहावीच्या गणितात निकटबिंदू (ज्याच्या अलीकडचे स्पष्ट दिसत नाही ती जागा) १ मीटरवर गेलेल्या दूरदृष्टीच्या डोळ्यासाठी पुस्तक +३ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे १ भागिले मीटरमधले नाभीय अंतर) भिंग सांगते आणि तिचे उत्तर +५ येते, हे वाचून मला माझी इंदूरमधली शाळा आठवली.

भिंगाचे सूत्र (१/नाभीय अंतर = १/प्रतिमेचे अंतर − १/वस्तूचे अंतर) तिला पाठ असणारच. तिने प्रतिमेचे अंतर +१०० सेंटिमीटर घेतले आहे. ते −१०० हवे. मीही हेच करीत असे, आणि कारणही पटण्यासारखे होते: प्रतिमा दृष्टिपटलावर पडते, दृष्टिपटल चष्म्याच्या पलीकडे आहे, तेव्हा चिन्ह धन. परंतु दृष्टिपटलावरची प्रतिमा ही डोळ्याची कामगिरी आहे. चष्म्याने फक्त २५ सेंटिमीटरवरचा कागद डोळ्याला १ मीटरवर असल्यासारखा भासवायचा असतो. ती आभासी प्रतिमा कागदाच्याच बाजूला, त्याच्याही मागे असते, म्हणून अंतर ऋण. मग १/२५ मधून १/१०० वजा होतो आणि नाभीय अंतर २० ऐवजी ३३.३ सेंटिमीटर येते.

ही चूक लबाड आहे. निकटदृष्टितेत हे चिन्ह चुकले तर अंतर्वक्राऐवजी बहिर्वक्र भिंग येते आणि चोरी लगेच पकडली जाते. येथे दोन्ही उत्तरे धनच. भंवरकुआँकडच्या माझ्या शिकवणीत (नाव घेत नाही) शंकानिरसनाच्या टेबलावर वही न उघडताच 'उत्तल लेन्स आया ना? फिर सही है' (बहिर्वक्र भिंग आले ना, मग बरोबर) असे सांगण्यात आले, आणि परीक्षेत मी तेच निष्ठेने लिहिले. गुण तर गेलेच, शिवाय चिन्हांची जी धास्ती बसली ती बारावीपर्यंत निघाली नाही.

हट्टीपणा वाटेल, पण माझ्या मते सूत्राआधी घरातला वाचायचा चष्मा हातात घ्यावा. वडिलांचा +३ चा चष्मा खिडकीसमोरच्या भिंतीपासून हातभर नव्हे, सुमारे ३३ सेंटिमीटरवर धरला की बाहेरच्या इमारतीची उलटी प्रतिमा भिंतीवर उतरे. तोच वर्तमानपत्रापासून २५ सेंटिमीटरवर धरला, तर पलीकडे पांढरा कागद कितीही मागेपुढे सरकवला तरी त्यावर काहीच उमटत नसे. भिंगातून पाहिल्यास मात्र अक्षरे सुलटी आणि मोठी दिसत. जी प्रतिमा कागदावर धरता येत नाही, तिला धन चिन्ह द्यायला मग हात धजत नाही.

चष्मा डोळ्यापासून २ सेंटिमीटर पुढे धरल्यास अंतरे २३ आणि ९८ होतात व उत्तर +३.३ च्या आसपास जाते. प्रश्नात तसे म्हटले नसेल तर तिने त्यात पडू नये. मी नेत्रतज्ज्ञ नाही, आणि या हिशेबाने कोणाचाही नंबर काढू नये. लहान मुलांचा तर मुळीच नाही, कारण त्यांच्या डोळ्यांतले स्नायू ताण सोसून दूरदृष्टिता झाकून ठेवतात आणि ती बरेचदा थेंब घालून तपासल्यावरच पुरती कळते.