कोंबडखत कुजवायचं कसं, आणि कुत्र्याला कोंबड्यांपासून आवरायचं कसं?

तुमच्याकडे सहा गावरान कोंबड्या आहेत, त्यांचं ताजं खत घातल्यावर मिरचीची रोपं करपली आणि दीड वर्षाचा कुत्रा कोंबड्यांमागे धावतो, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण आमच्या नाशिकच्या मखमलाबादमधल्या घरी दोन्हींचं मूळ एकच निघालं. आमचा उकिरडा खुराड्याला लागून होता, तोही उघडा. कोंबड्या तिथे उकरायला जायच्या आणि आमचा कुत्रा मोत्या शीट खायला. (हो, कुत्रे खातात. मग रात्री जुलाब आपण पुसायचे.) कोंबडी फडफडून पळाली की हा तिच्या मागे. त्यात एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, गेली. म्हणून सगळ्यात आधी खताच्या जागेला चारी बाजूंनी जाळी मारा आणि ती जागा खुराड्यापासून लांब ठेवा.

आता रोपं का करपली ते. कोंबडीच्या शिटेत नत्र भरपूर असतं, ते ताजं असताना अमोनिया होऊन मुळं भाजतात. मी पहिल्या वर्षी गुलाबाला मूठ मूठ टाकलं होतं, चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी. शेणखतासारखं वागवायचं नाही याला. शिवाय सहा कोंबड्यांची शीट दिवसाला पाऊण किलोच्या आसपास भरते. रोज थोडी थोडी टाकून केलेला ढीग कधी तापत नाही, नुसता सडतो. त्यापेक्षा खुराड्यात चार-पाच इंच भाताच्या तुसाची गादी घाला. घोटीच्या राइस मिलमधून तूस मिळतं. वरचेवर हलवत राहा, वास आला की अजून तूस घाला. दोन-तीन महिन्यांनी सगळं एकदम बाहेर काढून एकाच दिवशी ढीग लावा.

नुसतं तूस लवकर कुजत नाही, म्हणून ढिगात वाळका पाला किंवा उसाचं पाचट मिसळा. गादीचा माल एक पाटी, तर पालापाचोळा दीड-दोन पाट्या. आपल्याकडे छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्या फुकट मिळतात म्हणून लोक त्याच टाकतात, पण कुटी केल्याशिवाय त्या वर्षभर तशाच राहतात. ढीग लांबी, रुंदी, उंचीला किमान तीन फूट हवा. मूठभर माल पिळल्यावर एखादा थेंब यावा, धार लागली तर जास्त ओलं. दोन-तीन दिवसांनी मध्यभागी लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही, तर काम चाललंय. आत 55 ते 65 अंश तापमान टिकलं की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. आठवड्याला पालटा, बाहेरचा माल आत घ्या. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर कोरडं कमी पडलंय. पावसाळ्यात ताडपत्री हवीच, नाहीतर माश्यांमुळे शेजारी बोलतील. पालटूनही तापेनासा झाला की महिनाभर तसाच मुरू द्या. काळसर, मातीच्या वासाचं झालं की मिरचीला घाला, तेही बुंध्यापासून चार बोटं लांब.

कुत्र्याचं म्हणाल तर मार देऊ नका. मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा सल्ला कोणीतरी देईलच, तोही ऐकू नका. कोंबड्या जाळीच्या आत, कुत्रा पट्ट्यावर, पंधरा-वीस फुटांवर. तो त्यांच्याकडे बघणार, मान ताठ करणार. वाट बघा. ज्या क्षणी मान वळवून तुमच्याकडे बघेल, त्याच क्षणी "शाब्बास" आणि चपातीचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं पुरतात. पट्टा ताणून ओढायला लागला तर आपणच मागे सरकायचं, अंतर वाढवायचं. पट्टा ढिला राहायला लागला की दोन-दोन पावलं जवळ. मोत्याला दोन महिने लागले. काही कुत्रे मात्र कधीच भरवशाचे होत नाहीत, विशेषतः ज्यांना एकदा कोंबडी पकडायला मिळालीय.

आणि तो शिकला म्हणून रात्री खुराड्याच्या राखणीला बाहेर बांधू नका. आपल्याकडे मळ्यांतून बिबट्या फिरतो, त्याला साखळीला बांधलेला कुत्रा आयताच सापडतो. खुराडं पक्कं बंद करा, कुत्रा घरात घ्या.

मोत्या हल्ली कोंबड्या शेजारून गेल्या तरी जागचा हलत नाही, फक्त शेपटीचं टोक थरथरत असतं. ते टोक बघूनच मी अजून बाजारात जाताना मधलं फाटक लावून जाते.