ड्रोन टीममध्ये इलेक्ट्रिकलवाल्याने काय मागून घ्यावं

रत्नागिरीत इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजच्या ड्रोन टीमची निवड तोंडावर आलीय आणि ‘तिथे सगळे कोडिंगवाले, मला कोण विचारणार?’ ही तुझी धास्ती. कोडिंगला रांगच असते. पॉवर वायरिंग मात्र कोणाला नको असतं, आणि विद्यार्थ्यांचे ड्रोन बऱ्याचदा तिथेच दगा देतात. तू तेच माग.

मुलाखतीला सर्टिफिकेटांच्या फाईलपेक्षा पानभर हिशोब ने. समज, बॅटरीसकट वजन १.६ किलो. हवेत तरंगत राहायला किलोमागे साधारण १७० वॅट धर. झाले २७० वॅट. चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी १४.८ व्होल्टची, म्हणजे करंट १८ अँपिअर. बॅटरीच्या ५००० एमएएच क्षमतेपैकी ८० टक्केच वापरायचे, तेव्हा हातात जेमतेम १३ मिनिटं. वारा असेल तर त्याहून कमी.

फुल थ्रॉटलला हाच करंट ६० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा एखाद्या सांध्यात नुसता १० मिलीओम रोध असला तरी ०.६ व्होल्ट तिथेच पडतो आणि चण्याएवढ्या जागेत ३६ वॅट उष्णता होते. आपल्याकडे खारी हवा हा रोध फुकटात वाढवून देते. कनेक्टरचा मुलामा झिजला की पिना काळवंडतात, उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो. अशी पिन दिसली की घासत बसू नको, कनेक्टरच बदल.

एक्सटी६० ला, म्हणजे बॅटरीच्या कनेक्टरला, जाड वायर जोडताना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. सांधा मळकट, गोळ्यासारखा दिसतो आणि ओढला की सुटतो. ६० वॅट किंवा वरचं घे, आणि जोडीचा दुसरा कनेक्टर आत खोचून ठेव, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात. बॅटरीच्या वायरी लांब ठेवल्यास ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) व्होल्टेजचे झटके येतात. त्या आखूड कर आणि ३५ व्होल्टचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लाव. प्लस-मायनसच्या वायरी एकमेकींना पिळून ड्रोनच्या कंपासपासून (होकायंत्रापासून) लांब ने.

बोर्डांवर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा रोखणारा पातळ थर, हवंच. पण बॅरोमीटरचं (हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या सेन्सरचं) भोक आणि सॉकेट आधी टेपने झाक. भोक बुजलं की उंचीचं रीडिंग गेलंच समज.

पहिल्यांदा बॅटरी लावताना प्रोपेलर काढलेले, मल्टिमीटरने शॉर्ट तपासलेला, आणि प्लसच्या वायरीत गाडीचा २४ व्होल्टचा बल्ब. लुकलुकून विझला तर ठीक, पेटून राहिला तर शॉर्ट आहे, बॅटरी लगेच काढ.

उडवायचं ते सकाळी, दुपारी खारे वारे जोर धरतात. ड्रोन नियम २०२१ नुसार मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला संशोधनासाठी नोंदणी-परवान्यातून सूट आहे, पण ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) आणि संस्थेच्या ताब्यातल्या जागेतच. शहरात विमानतळ आहे, म्हणून आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा.

आणि गणपतीला सगळे गावी पळतात, तेव्हा लिपो फुल चार्ज करून लॅबमध्ये ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून मगच सुट्टीवर जा.