अनामिकेवर आळ

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात ठाण्यातल्या निवृत्त प्राणिशास्त्राच्या बाई.)

प्रश्न : बाई, माझी मुलगी २७ वर्षांची, महापेला नोकरीला. गेल्या महिन्यात स्थळ आलं होतं. पोहे झाले, बोलणी छान रंगली, आणि मुलाच्या आत्याने बांगडीचं माप बघते म्हणून हिचा हात हातात घेतला. दोन दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला, आधी मुलीची हार्मोनची तपासणी करून घ्या. सोबत व्हॉट्सॲपवरचा मेसेज : जिची अनामिका तर्जनीपेक्षा लांब, तिच्या अंगात पुरुषी हार्मोन जास्त, मूल राहायला अडचण. हिची पाळी नियमित आहे, कसलीही तक्रार नाही. पण माझी झोप उडाली आहे. करून घेऊ का तपासणी?
*– एक आई, कळवा*

उत्तर : नको. तक्रार काही नाही, पाळी वेळेवर, मग बोटापायी दंडात सुई कशाला टोचून घ्यायची?

तुमचं पत्र वाचलं आणि आधी स्वतःचा उजवा हात टेबलावर पसरला. तर्जनी ६८ मिलिमीटर, अनामिका ७१. भागाकार ०.९६. मग ह्यांना पेपर खाली ठेवायला लावला. ७१ आणि ७२, म्हणजे ०.९९. त्या मेसेजच्या हिशेबाने नौपाड्यातल्या आमच्या घरात पुरुष मी. मला दोन मुलं झाली, तीही काही न अडता.

मेसेज निव्वळ थाप असता तर सोपं होतं. पण त्याला एक धागा आहे, म्हणून तो चिकटतो. जॉन मॅनिंग नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९८ साली लिव्हरपूलला असताना हे प्रमाण पुढे आणलं : तर्जनीची लांबी भागिले अनामिकेची लांबी. पुरुषांत ते सरासरीने थोडं कमी निघतं, बायकांत थोडं जास्त. मांडणी अशी की गर्भाची बोटं घडतात त्याच सुमाराला मुलग्याच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुटायला लागतं, आणि अनामिका त्याला जास्त दाद देते. फ्लोरिडातल्या दोघांनी २०११ साली उंदरांच्या पिल्लांत हे तपासलं. चौथ्या बोटात त्या हार्मोनचे ग्राहक, म्हणजे ते ओळखणारे पेशींमधले रेणू, जास्त सापडले, ते बंद पाडले की बोट आखूड राहिलं. पुढे इतरांना उंदरांत दरवेळी तेच दिसलं असं नाही, पण कल्पना विचार करण्याजोगी आहे एवढं मी मान्य करते.

आता आत्याबाई घसरल्या कुठे ते बघा. स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक एक-दोन शतांशांचा. दोन्हीकडची मापं एकमेकांत इतकी मिसळलेली, की सकाळच्या लोकलमध्ये कड्यांना लटकलेले नुसते हात दाखवून हा डबा लेडीज की जेन्ट्स असं मला विचारलंत, तर बांगड्या बघून सांगेन, बोटं बघून नाही. देशादेशांतल्या लोकांतला फरक तर बायका आणि पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षाही मोठा निघतो. आणि बायकांची सरासरीसुद्धा बहुतेक ठिकाणी एकच्या खालीच येते. म्हणजे अनामिका किंचित लांब असणं ही पुष्कळ बायकांची रोजची गोष्ट. आत्याबाईंनी हिचा हात सोडल्यावर स्वतःचा पाहिला असता तर बरं झालं असतं.

दुसरं, जे तुमच्या कामाचं आहे. बोट फार तर आईच्या पोटातल्या दिवसांबद्दल काही कुजबुजेल. आज रक्तात काय आहे ते त्याला ठाऊक नाही. मॅनिंगच्या पहिल्या लेखात मोठ्या माणसांच्या रक्तातल्या हार्मोनशीही संबंध दाखवला होता, वंध्यत्वाच्या दवाखान्यात आलेल्यांची मापं घेऊन. मेसेजमधलं ‘मूल राहायला अडचण’ तिथूनच झिरपत आलं असावं असा माझा अंदाज. पुढे अनेकांनी मोजलं. २००७ साली हे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सर्वसाधारण मोठ्या माणसांत तो संबंध उरलाच नाही.

आणि पोटातल्या दिवसांबद्दल तरी ते किती सांगतं? मला स्वतःला सगळ्यात पटलेला पुरावा २००९ सालचा आहे. काही बायकांची गुणसूत्रं पुरुषांसारखी एक्स-वाय असतात. वृषणं पोटातच असतात, टेस्टोस्टेरॉनही तयार होतं, पण ते ओळखणारा पेशींमधला ग्राहक निकामी असतो. किल्ल्यांचा जुडगा आहे, कुलूपच मोडलंय. शरीर बाईचं घडतं आणि ती बाई म्हणूनच वाढते. अशा बायकांची बोटं मोजली. सरासरी अपेक्षेप्रमाणे बायकांकडे झुकलेली होती, इथवर ठीक. पण गंमत पुढे आहे. त्यांच्यातही कोणाची अनामिका लांब, कोणाची आखूड, आणि हा पसारा इतर लोकांत असतो तेवढाच! ज्यांच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा अंमलच नाही, त्यांच्यातही बोटं तेवढीच वेगवेगळी. म्हणजे बोटाबोटांतला बहुतेक फरक दुसरीकडूनच येतो. मग एका मुलीचा एक हात धरून तिच्या हार्मोनचा पाढा कसा वाचणार?

मी डॉक्टर नाही, तेव्हा एवढंच सांगते : पाळी लांबायला लागली, हनुवटीवर राठ केस आले, मुरुम हटत नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पीसीओएस हा बीजकोशांचा विकार ठरवायला पाळीची तक्रार, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत बीजकोशांत दिसणाऱ्या पुष्कळ बारीक पुटिका या तीनपैकी दोन गोष्टी लागतात. बोट त्या यादीत नाही.

स्थळाचं तुम्ही विचारलं नाहीत. मुलीला विचारा. हात तिचा होता.

प्रश्न : तर्जनी गुरूची, अनामिका रवीची. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं आणि विज्ञान आता तिथे पोचतंय, असं म्हणता येईल का?
*– एक ज्येष्ठ वाचक, वाशी*

उत्तर : नाही म्हणता येणार. बोटं तीच आहेत, एवढंच साम्य. मात्र एक सांगते. धार्मिक कार्यात दर्भाचं पवित्रक घालायला आपण हेच बोट निवडलं आणि नाव ठेवायचं मात्र विसरलो. बिननावाच्या बोटावर आळ घेणं सोपं जातं.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे, फुटबॉल खेळतो. अनामिका लांब असलेले चांगले खेळाडू होतात असं व्हिडिओत सांगितलं. मी पट्टीने मोजलं तर ६७ भागिले ७०, म्हणजे ०.९५७ आलं, खूश झालो. रविवारी परत मोजलं तर ६८ भागिले ६९.५, म्हणजे ०.९७८. बोट वाढलं का? आणि मी काय समजू?
*– एक विद्यार्थी, ऐरोली*

उत्तर : बाळा, बोट जागेवरच आहे, पट्टी हलली. पहिल्यांदा तू ६७ आणि ७० लिहिलंस, दुसऱ्यांदा ६८ आणि ६९.५. एकीकडे एक मिलिमीटर, दुसरीकडे अर्धा. एवढ्यात स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला अख्खा फरक तू एका रविवारी ओलांडलास.

आमच्या घरी याच्यावर वाद झाला. हे वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते, त्यांचा व्हर्नियर अजून तेल पुसून मखमली डबीत असतो. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, “पट्टीने कसला मोजतोय?” डबी उघडली, माझं बोट जबड्यांत धरलं. ७०.८८. पुन्हा धरलं. ७१.३०. तिसऱ्यांदा जरा दाबून, ७०.५४. माणूस चिडला. चाळीस वर्षं दोन शतांश मिलिमीटरवर जॉब पास-नापास केलेला, आणि बायकोचं बोट ऐकेना. शेवटी म्हणाले, “रबराचा जॉब आहे हा, व्हर्नियरने मोजायचा नसतो.” एवढं साधं कारण मी वर्गात इतकी वर्षं शिकवून कधी सांगितलं नव्हतं.

मोजायचंच असेल तर तळहाताच्या बाजूने मोज. बोटाच्या मुळाशी घडी असते. अनामिकेला बऱ्याचदा दोन असतात, तळहाताला जवळची ती धर. तिथून टोकापर्यंत, नख सोडून. झेरॉक्सवर हात ठेवून मोजू नकोस, काचेवर टोकं दबतात आणि माप बदलतं. नुसतं बघून ठरवू नकोसच. हात टेबलावर ठेव, मनगट जरा अंगठ्याकडे वळव, मग करंगळीकडे वळव. कोणतं बोट पुढे आहे ते बदलतं की नाही?

खेळाडूंचं म्हणशील, तर इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची मापं २००१ साली छापून आली आणि ती सरासरीने कमी होती, हे खरं. लंडनच्या वित्तबाजारात सौदे करणाऱ्यांचंही तसंच २००९ साली छापलं, कमी प्रमाणवाल्यांनी जास्त नफा मिळवला म्हणून. (ह्यांचं ०.९९ आणि ह्यांचे शेअर्स, हा विषय आमच्या घरी बंद आहे.) पण हे जमावाच्या सरासरीचं बोलणं झालं. तुमच्या संघात कोणाला घ्यायचं हे सर बोटं बघून ठरवत नाहीत ना?

तुझं प्रमाण ०.९५ आणि ०.९८ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं लिहून ठेव. अधिक नेमकं हवं असेल तर पाच वेळा मोजून सरासरी काढ, आणि प्रत्येक वेळी आधीचा आकडा झाकून ठेव. नाहीतर पट्टी आपल्याला हवा तोच आकडा दाखवते. व्हर्नियर मात्र मागू नकोस. त्या दिवसापासून डबी कपाटात वरच्या कप्प्यात गेली आहे आणि किल्ली ह्यांच्याकडे आहे.